नाहीचं मडकं

गजेंद्र जीपमधून उतरला तेव्हाच अंजनाबाईनं ओळखलं, की हा पोरगा काहीतरी मागायला आला आहे. पोरगा म्हणायचं ते आपलं सवयीनं. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, जिल्हा परिषदेत विरोधी पक्षाचा नेता, खिशात दोन-दोन फोन. पण अंजनाबाईनं त्याला एकोणिसाव्या वर्षी पाहिलेलं, सायकलच्या कॅरिअरवर पत्रकांचा गठ्ठा बांधून अर्जुनी मोरगावच्या बाजारात ओरडताना. तिच्या लेखी तो तिथंच थांबला होता. काही मागायचं असलं की तो चपला दारात काढून थेट चुलीपाशी येऊन बसायचा. आजही तसाच बसला.

"काकी, भात हाये का?"

"सकाळचे नऊ नाई वाजले तं भात मांगते. काय पाह्यजे ते सांग आधी."

"आधी जेवतो."

घ्या. म्हणजे मोठंच काहीतरी मागणं होतं. अंजनाबाईनं रात्रीचा भात फोडणीला टाकला. सून रीना आंगणात तणसाचे भारे रचत होती, तिनं हात थांबवून कान इकडं लावला.

आता हा पक्ष कोणता ते सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मोठा काहीतरी समजाल. धानकरी दल. पंचवीस वर्षांपूर्वी बकाराम मास्तरांनी कवठटोलीच्या तलावाच्या पाळीवर चाळीस माणसं बसवून काढला. निशाणी सूप. मास्तर गेले, सूप राहिलं. पंचवीस वर्षांत जिल्हा परिषदेत दलाच्या नऊच्या वर जागा कधी आल्या नाहीत, आणि का आल्या नाहीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दलाच्या घटनेत तिसरं कलम होतं, ते आडवं यायचं. आपली सत्ता आली तर पहिल्याच बैठकीत ठेक्यानं शेती करणाऱ्यांची गावोगाव यादी करायची, आणि त्यांची नावं सरकारी कागदावर चढेपर्यंत सोडायचं नाही, असं ते कलम.

अंजनाबाईचंच घ्या. शालिकराम पाटलाची तीन एकर धानाची बांधी ती सतरा वर्षं ठेक्यानं करत होती. नांगर तिचा, रोपांचे परे तिचे, रोवणी तिची, मळणीचा चुरणा तिचा. पण सातबारा शालिकरामचा, म्हणून खरेदी केंद्रावर धान मोजलं जायचं त्याच्या नावानं, बोनस यायचा त्याच्या नावानं आणि पीक बुडालं तर मदतही त्याच्याच नावानं. कागद पाहिला तर अंजना रामटेके नावाची बाई त्या चिखलात कधी उतरलीच नव्हती. आणि मालक लोकांना धास्ती अशी, की एकदा का नाव चढलं की कूळ लागेल, जमीन जाईल. म्हणून ते आजूबाजूच्या गावांत दर दोन-तीन वर्षांनी माणूस बदलायचे. कवठटोलीत मात्र कोणाची छाती झाली नाही. कोणाची बांधी काढली की दलाच्या तीस-चाळीस बाया भाकरी बांधून तिच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसायच्या. उठायच्याच नाहीत. शेवटी मालक कंटाळायचा. अंजनाबाई असे अकरा धुरे बसली होती, आणि प्रत्येक वेळी तिच्या बाजूला बसलेली होती ती तिची जुनी जोडीदारीण रुख्माबाई.

गजेंद्र चार वर्षांपूर्वी अध्यक्ष झाला आणि त्यानं दलाला न्हाऊमाखू घातलं. झेंड्याचा मातकट रंग जाऊन हिरवा-पांढरा आला. अर्जुनीच्या गोदामातलं कार्यालय उचलून त्यानं गोंदियाला लागून फुलचूरला नेलं, काचेच्या दाराचं. नागपूरहून वीरेंद्र नावाचा एक हुशार माणूस आणून बसवला, तो दिवसभर लॅपटॉपमध्ये डोकं घालून कोणत्या गावात कोण कोणाला मत देणार ते सांगायचा. उमेदवारांनी इस्त्रीचा सदरा घालायचा, सभेत शिव्या द्यायच्या नाहीत, सदस्य फोनवरून व्हायचे. खोटं कशाला बोला, अंजनाबाईला यातलं बरंच आवडलंही होतं. नव्या कार्यालयात बायांसाठी वेगळा संडास होता. पंचवीस वर्षं पक्षाचं काम करताना बायांनी काय काय सोसलं ते बायांनाच माहीत.

अर्धा भात संपल्यावर गजेंद्र बोलला.

"तिसरं कलम काढा लागते, काकी."

अंजनाबाई चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. ती तशीच राहिली.

"वीरेंद्रनं सगळा हिशोब मांडला. ते कलम हाये तथपर्यंत मालक लोकांचं एक मत आपल्याले भेटत नाई. ते गेलं तं आपन येतो. सरळ येतो."

"मंग आमी कोठं जातो?"

"तुमी आपल्यातच हाव. काकी, पंचवीस वर्षं कलम हाये. एका तरी बाईचं नाव चढलं का त्यानं? आधी खुर्चीत तं बसू. बसल्यावर पाहू."

बोलणं खोटं नव्हतं. नाव कोणाचंच चढलं नव्हतं. हरून हरून अंजनाबाईचाही जीव विटला होता. दर पाच वर्षांनी तोच मतमोजणीचा मांडव, तेच पडलेले चेहरे, दुसऱ्याच्या अंगावरचा गुलाल. एकदा तरी आपल्या अंगावर पडावा, मरायच्या आधी, असं तिला मनापासून वाटत होतं.

"ठराव तुमी मांडा," गजेंद्र म्हणाला.

"मी?"

"दुसऱ्यानं मांडला तं लोक म्हनतील मालकाचा मानूस हाये. तुमी स्वतः ठेक्यानं करता. तुमच्या तोंडून आला तं कोनी काई म्हननार नाई." मग ताटाकडे बघतच तो म्हणाला, "पन नाई म्हनायचं असन तं म्हना, काकी. तुमी नाई म्हनलं तं मी दुसऱ्या कोनापाशी जानार नाई. विषय अथीच संपला."

हे त्याचं लाडीगोडी लावणं आहे असंच अंजनाबाईला वाटलं. लहानपणी आई वारलेलं लेकरू ते, एकोणिसाव्या वर्षापासून तिच्याच चुलीपाशी जेवलेलं, त्याला माहीत होतं काकीला कुठं धरायचं ते. त्याला नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं. आणि त्याच वेळी तिच्या डोक्यात एक दुसरा विचार येऊन बसला, आणि तो विचार तिला फार सोयीचा वाटला.

दलात ठराव हात वर करून होत नसे. मूठ व्हायची. दोन मडकी ठेवायची, एक हवचं, म्हणजे होकाराचं, एक नाहीचं. दोन्हींच्या तोंडावर फडकं, फडक्याला हात जाईल एवढी चीर. प्रत्येकानं मधल्या पोत्यातून मूठभर धान घ्यायचं, आधी हवच्या मडक्यात हात घालायचा, मग नाहीच्या. मूठ कुठं उघडली ते ज्याचं त्याला माहीत. मास्तरांनी ही पद्धत काढली ती मालकांच्या भीतीनं, ज्यांच्या बांधीत राबायचं त्यांच्या विरुद्ध कोणी हात वर करेना म्हणून. यात गंमतीही व्हायच्या. मोठ्या पंज्याच्या बाप्याच्या मुठीत दीड मत मावतं म्हणून बाया भांडायच्या, आणि मास्तर हसून म्हणायचे, तुम्ही जरा दाबून भरा.

तर अंजनाबाईनं विचार केला तो असा. ठराव मांडायला काय जातं? जीभ गजूची राहू दे. मूठ तर लोकांची आहे. तिथं बसणाऱ्यांतले शंभर जण ठेक्यानं करणारे. ते काय आपल्या हातानं आपलं कलम पुसणार आहेत? ठराव पडेल, गजूला दिलेला शब्दही राहील, आणि कलमही राहील.

"मांडतो," ती म्हणाली.

गजेंद्रच्या हातातला घास थांबला. "मांडता?"

"मांडतो म्हनलं ना."

मग त्यानं ताटात हात धुतला. अर्धा भात तसाच राहिला होता. सकाळी सकाळी एवढा भात जात नसेल, असं अंजनाबाईला वाटलं.

सभा पुसात, म्हणजे पौषात, झाली, तलावाच्या पाळीवरच. धान निघालेल्या बांध्यांत लाखोरीला निळी फुलं आली होती. एकशेबेचाळीस प्रतिनिधी होते, त्यांत यंदा पहिल्यांदाच रीनाही होती. वीरेंद्रचं म्हणणं होतं की मतं फोनवर घ्यावी, दोन मिनिटांचं काम. पण गजेंद्रनं ऐकलं नाही. "एक शेवटची मूठ होऊ द्या," तो माईकवरून म्हणाला. "मास्तरांसाठी. यानंतर फोन." जुन्या माणसांना ते फार बरं वाटलं. रुख्माबाईनं तर डोळ्याला पदर लावला.

अंजनाबाई उभी राहिली. अकरा धुऱ्यांवर तिनं भाषणं केली होती, घसा बसेपर्यंत. आज चार शब्दांत उरकलं.

"लय वर्षं आपन धुऱ्यावर बसलो," ती म्हणाली. "आता खुर्चीत बसून पाहू. तिसरं कलम बाजूले ठेवाव, असं मी मांडतो."

टाळ्या नाहीत, आरडाओरड नाही. लोक नुसते तिच्याकडं पाहत राहिले. ती खाली बसली तेव्हा रुख्माबाई तिच्याकडं वळली होती.

"अंजना, तू मांडलं?"

"हव."

"इचार करूनच मांडलं असशीन," रुख्माबाई म्हणाली.

रीना मागून कानाशी आली. "आई, काय टाकू?"

"तुले वाटते ते टाक. कोनाले इचारून टाकत नसतात मूठ."

हे तिनं सांगितलं खरं. पण त्या पोरीला आणखी चार शब्द का सांगितले नाहीत, याचा तिला पुढं फार पस्तावा झाला. मनात होतं ते सांगायला तोंड शिवलं होतं काय कोणी?

मडकी सांभाळायचं काम अंजनाबाईचं, म्हणून पहिली मूठही तिची. तिनं पोत्यातून धान घेतलं. हवच्या मडक्यात हात घातला. आतला गारवा हाताला लागला. आणि तिथंच तिची मूठ उघडली. का उघडली? तर मघाशी चारचौघांत जे बोलली त्याची लाज. बाकी एकशेएक्केचाळीस आहेत, आपल्या एका मुठीनं काय होतं. मग रिकामी मूठ घेऊन तिनं नाहीच्या मडक्यातही हात घातला आणि रीतीप्रमाणं बाहेर काढला.

एकेक जण येत गेला. कोणी झपकन हात घालायचा, कोणी रेंगाळायचा. रुख्माबाई आली, रीना आली. सगळ्यात शेवटी अध्यक्ष, म्हणून शेवटी गजेंद्र. त्यानं दोन्हीकडं हात घातला आणि बाहेर काढून नव्या पांढऱ्या कुर्त्याला पुसला.

फडकी अंजनाबाईनंच सोडली. हवचं मडकं इतकं भरलं होतं की फडकं काढतानाच धान खाली सांडलं. नाहीचं मडकं तिनं सुपात उपडं केलं. धान पडलं आणि लगेच संपलं. तिनं मडक्याच्या बुडावर हात मारला, पुन्हा मारला. आणखी काही पडलं नाही.

एक मूठ. एकशेबेचाळीसांत एक.

सगळे सुपाकडं पाहत होते आणि एकमेकांकडं पाहायचं टाळत होते. अंजनाबाईनं सूप खाली ठेवलं. वीरेंद्रनं पहिली टाळी वाजवली, मग बाकीच्यांनी वाजवल्या.

घरी जाताना रुख्माबाई पाळीवरून तिच्या बाजूनं चालत होती. अर्धी पाळ ओलांडल्यावर म्हणाली, "ते एक मूठ तुहीच असन ना?"

"नाई," अंजनाबाई म्हणाली. "मले वाटलं तुही."

"मी हव टाकली. तू मांडलं म्हनून. आन मले वाटलं, बाकीचे तं नाईच टाकतीन."

रीना मागं चालत होती. तिला विचारायची गरजच पडली नाही. तिची मान खाली होती.

पुढचं सगळं वीरेंद्रच्या लॅपटॉपनं सांगितलं तसंच झालं. ठरावाच्या आठव्या दिवशी शालिकराम पाटील आपल्या जोडीचे बारा-पंधरा मालक घेऊन दलात आला. महिन्यात तो तालुकाध्यक्ष झाला. होळीच्या आधी निवडणूक झाली आणि धानकरी दलाला स्पष्ट बहुमत मिळालं. गजेंद्र जिल्हा परिषदेचा अध्यक्ष झाला. मतमोजणीच्या मांडवात कोणीतरी अंजनाबाईच्या डोक्यावर गुलाल ओतला. ती हसली, नाचलीही थोडी. पंचवीस वर्षांची हौस होती ती, फिटू नये का? त्या रात्री न्हाताना गुलाल निघता निघेना, आणि का कोण जाणे, तिला रडू आलं.

अक्तीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, दिवस आला. आमच्याकडं शेतीचं साल अक्तीला बदलतं, ठेके त्याच दिवशी ठरतात. शालिकराम सकाळीच आला. हिरवा-पांढरा गमछा गळ्यात, बोलणं गोड. खाटेवर बसला, पाणी प्याला.

"अंजनाबाई, सतरा वर्षं केली तुमी बांधी. लय झालं. आता आराम करा. यंदा मी सडकेपलीकडच्या मानसाले देली."

"काऊन? माहं काय चुकलं?"

"चुकलं काईच नाई. पन सतरा वर्षं म्हनजे सतरा वर्षं. उद्या तुमचा पोरगा बंटी रायपूरहून येऊन म्हनन, माहं कूळ लागते."

"आमी धुऱ्यावर बसू."

"बसा ना," शालिकराम म्हणाला. त्याला राग आला नव्हता, हेच वाईट होतं. "पन झेंडा कोनता घेऊन बसान? तालुकाध्यक्ष तं मी हावो."

तो गेल्यावर अंजनाबाई रुख्माबाईकडं गेली. रुख्माबाई येते म्हणाली, तिच्यात तेवढी धमक होती. पण बाकीच्या घरी दोघी फिरल्या तर कोणाच्या घरी लगीन होतं, कोणाला तालुकाध्यक्षाकडून घरकुलाचं काम करून घ्यायचं होतं, आणि ज्यांच्याकडं काहीच कारण नव्हतं त्या म्हणाल्या, आपल्याच पक्षाविरुद्ध कसं बसावं? संध्याकाळपर्यंत पाच बाया झाल्या. पाच बायांनी धुरा अडत नाही.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाई अर्जुनीहून सकाळची गाडी धरून गोंदियाला आणि तिथून फुलचूरला गेली. काचेच्या दारापाशी वीरेंद्रच भेटला.

"माताजी, अपॉइंटमेंट है?"

"त्याले सांग, अंजनाकाकी आली."

बसायला सांगून तो आत गेला. बाकाच्या समोरच काचेचं एक कपाट होतं. त्यात दोन मडकी ठेवली होती, फडक्यासकट. खाली पाटी होती, 'आमचा वारसा'. कोणीतरी त्यांना गेरू लावून चकचकीत केलं होतं. अंजनाबाईला वाटलं, कपाट उघडून दोन्ही उचलावी आणि घरी न्यावी. कपाटाला कुलूप होतं.

गजेंद्र स्वतः बाहेर येऊन तिला आत घेऊन गेला. पाया पडला. चहा सांगितला.

"गजू, बांधी गेली."

"माहीत हाये. शालिकरामभाऊनं सांगतलं."

"मंग?"

"जमीन त्याची हाये, काकी. कागद त्याचा..."

"कागदाचं तू मले शिकवतं?"

उठून त्यानं दार लावून घेतलं. पाठमोराच उभा राहून बोलला, "काकी, त्या दिवशी नाईच्या मडक्यात एक मूठ होती ना. ते माही होती."

अंजनाबाईला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. "कोनाची?"

"माही." तो वळला. त्याचे डोळे भरले होते. "वीरेंद्रनं हिशोब देला तं मले खोडता येईना. मी म्हनलं, काकीपाशी जातो, काकी हाकलून देईन, मंग मले सांगता येईन, काकी नाई म्हनते. तुमी मांडतो म्हनलं. मंग म्हनलं, लोक पाडतीन. म्हनून फोनवर नाई घेतलं मी, मूठ घेतली. एवढ्या मानसांत कोनीतरी अडवन मले. कोनी नाई अडवलं. शेवटी हात घातला तं मडकं हाताले रिकामं लागलं. म्हनून माही टाकली."

शिव्या द्याव्या, थोबाडावं, आणि उठून पोटाशीही धरावं, असं सगळं अंजनाबाईला एकदम वाटलं. कारण तो सांगत होता ते तिला शब्दन् शब्द कळत होतं. तिनंही तेच केलं होतं. रुख्मानंही. पाळीवर बसलेल्या प्रत्येकानं दुसऱ्याच्या भरवशावर आपली मूठ उघडली होती, आणि ज्यानं ठराव आणला तोच एकटा विरोधात गेला होता. याच्यापेक्षा ते सगळे बदमाश असते तरी बरं झालं असतं.

"हात घालेपर्यंत मले वाटत होतं, त्यात एक मूठ तरी तुमची असन," गजेंद्र म्हणाला.

"असती तं दोन झाल्या असत्या." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मूठ तुही नाईची होती, तं जीभ माही काऊन मांगतली?"

गजेंद्र टेबलावरचे कागद सरळ करू लागला.

"बरं, झालं ते झालं. आता तं सत्ता तुही हाये. लिही परत ते कलम. आज लिही."

"आता नाई होत, काकी."

"काऊन?"

"आता तेच लोक आपल्या संगं हायेत. त्यायले सोडलं तं दुसऱ्या दिवशी आपन पडतो."

चहा आला. अंजनाबाईनं तो घेतला नाही. आजवर तिनं गजेंद्रच्या हातचं कधी नाकारलं नव्हतं. दारापर्यंत तो मागं आला, जीपनं सोडतो म्हणाला. ती म्हणाली, गाडी आहे दुपारची.

आखाडात रोवणी लागली. शालिकरामच्या त्या तीन एकरांत नवा ठेकेवाला आला होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं गावातल्याच बाया रोजीनं लावल्या, आणि अंजनाबाई अन् रीना त्यांतच गेल्या, कारण घरी बसून पोट भरत नाही. कोणत्या कोपऱ्यात चिखल खोल आहे आणि कुठं खडक लागतो ते फक्त अंजनाबाईला माहीत होतं. तिनं काही सांगितलं नाही. एक-दोनदा तोंडाशी आलं, ते गिळलं. सतरा वर्षं ज्या बांधीत ती वाकली होती, तिथंच वाकून दुसऱ्याचे परे लावत होती.

रीनाच्या कमरेला प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला फोन वाजला. तिनं हात लुगड्याला पुसून तो काढला.

"पक्षाचं हाये, आई. अध्यक्ष गजेंद्र कापगते आपलं मत विचारत आहेत, असं लिवलं. खाली दोन बटनं हायेत. होय आन नाही."

"नाई दाब," अंजनाबाई म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

"कायचं हाये ते तं आयका. तलावाच्या सडकेले मास्तरांचं नाव द्याव का, असं..."

"काईबी असन. नाई दाब. माहं एक नाई मांगचं राहून गेलं."

रीना थोडी घुटमळली. "आई, हे माह्या नावानं जाईन. फोन माहा हाये. तुमचं नाव यात चढवलंच नाई कोनी."

अंजनाबाई उभी राहिली. कमरेवर हात ठेवून तिनं एकदा बांधीच्या चारी धुऱ्यांकडं पाहिलं. धुऱ्यावर कोणी बसलेलं नव्हतं. बाकीच्या बाया रोवत पुढं गेल्या होत्या.

"तुह्या नावानं जाऊ दे," ती म्हणाली. "पन दाब. आन या बारीनं मले इचारून नोको दाबू. तुले वाटते म्हनून दाब."

रीनानं चिखलाचं बोट पदराला दोनदा पुसलं आणि दाबलं. मग फोन पिशवीत घालून तिनं पिशवीला गाठ मारली. अंजनाबाईनं बाजूची पऱ्यांची जुडी उचलली, सोडली, आणि मागं पडलेली ओळ धरायला पुन्हा वाकली.